आधी सर्वांत स्वस्त गाडी ठरवा, मग प्लॅटफॉर्म

आदरणीय ताई,

मी मूळचा सांगलीचा. सध्या मिशिगनमध्ये ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंगचं मास्टर्स करतोय. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी आमचा पाच जणांचा गट आहे. प्रश्न असा दिलाय: एखाद्या अमेरिकन कंपनीने पुढच्या दशकासाठी रिअर-व्हील ड्राइव्हचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारा) एकच प्लॅटफॉर्म, म्हणजे गाड्यांचा सामायिक खालचा सांगाडा, करावा का, ज्यावर दोन दारांची कूपे, चार दारांची सेडान आणि तीन रांगांची एसयूव्ही अशा तिन्ही गाड्या निघतील? दोघे म्हणतात, सगळं एकावरच करा, नाहीतर पैसे वसूल होणार नाहीत. दुसरे दोघे म्हणतात, कूपे वेगळीच हवी, नाहीतर ती स्पोर्ट्स कार राहणारच नाही. मी मध्ये अडकलोय, आणि शेवटची शिफारस लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. त्यात परवा गटातला एक जण म्हणाला, "तू या गाड्यांमध्ये वाढलेला नाहीस. मस्टँग, कॅमरो म्हणजे काय ते तुला आतून नाही कळणार." ते फार लागलं. मी कोणाच्या बाजूने लिहू? आणि मुळात या विषयावर लिहायचा मला अधिकार आहे का?

– मधला, ॲन आर्बर

प्रिय मित्रा,

एकाच प्लॅटफॉर्मच्या बाजूने लिही. मात्र त्याला एक अट घाल, आणि ती अट शिफारशीच्या पहिल्याच पानावर येऊ दे: तिघींतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारी गाडी आधी आखायची, बाकीच्या दोघींनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. तुमच्या गटाचा वाद "एक की दोन" यावर अडून बसलाय. माझ्या मते खरा प्रश्न "आधी कोण" हा आहे. एकत्र कुटुंबात स्वयंपाक कमावणाऱ्याच्या वेळेने होतो, तसंच इथे आहे. अमेरिकेतला गेल्या साठ वर्षांचा इतिहास याच बाजूने बोलतो. तो तुझ्या हाताशी असला तर गटातल्या दोन्ही पक्षांना तुझं म्हणणं ऐकावं लागेल.

सुरुवात मस्टँगपासूनच कर, कारण तुझ्या मित्राचा जीव तिच्यात आहे. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून जास्त गाड्या गेल्या. आणि पत्र्याखाली काय होतं? बरंचसं फोर्ड फाल्कनचं. फाल्कन म्हणजे १९६० सालची काटकसरीची, साधी घरगुती गाडी. त्या गाडीचे भाग आधीच लाखोंनी बनत होते, म्हणून मस्टँग त्या किमतीत देता आली. जिला अमेरिकन स्पोर्टी कूपेची आई मानतात ती मुळात सामायिक प्लॅटफॉर्मचं लेकरू आहे. "कूपे वेगळी हवी" म्हणणाऱ्यांना हे आधी सांग.

पुढचं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात हा खेळ पुरा खेळला गेला. १९७८ ला फोर्डने फॉक्स प्लॅटफॉर्मवर फेअरमाँट आणि आपल्याच मर्क्युरी ब्रँडची झेफर काढल्या. दोन्ही सरळ, चौकोनी, शाळा-बाजाराच्या गाड्या. पुढच्याच वर्षी त्याच प्लॅटफॉर्मवर मस्टँग आली. १९८० ला थंडरबर्ड, १९८२ ला फोर्डच्याच महागड्या लिंकन ब्रँडची कॉन्टिनेन्टल आणि १९८४ ला लिंकन मार्क सेव्हन, जिचं सस्पेन्शन (चाकं आणि सांगाडा यांच्यामधली, धक्के झेलणारी यंत्रणा) हवेच्या स्प्रिंगांचं होतं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, बघ: मस्टँग १००.४ इंच, फेअरमाँट १०५.५, मार्क सेव्हन १०८.५. पुढचा भाग जवळपास तोच ठेवून मधली लांबी बदलत गेले. मस्टँगने हा सांगाडा दुरुस्त्या करत करत २००४ पर्यंत वापरला. पाव शतक! स्वस्त गाडीसाठी केलेल्या भागांवर महागडी गाडी उभी राहिली. महागडीत जास्त पैसे घालायला वाव असतोच, त्यामुळे चांगले डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर), जाड आवाजरोधक थर, एअर स्प्रिंग हे सगळं वरून चढवता येतं.

उलट्या दिशेने मात्र हे जमत नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी फोर्डने तेव्हा स्वतःच्याच मालकीच्या जॅग्वारसोबत डीईडब्ल्यू९८ नावाचा प्लॅटफॉर्म केला. त्यावर जॅग्वार एस-टाइप आणि लिंकन एलएस निघाल्या, मग २००२ सालची दोन सीटची थंडरबर्ड. चांगला, घट्ट, देखणा प्लॅटफॉर्म. पुढची मस्टँगही त्यावरच काढायचा विचार होता. पण हिशेब बसेना. मस्टँगला २० हजार डॉलरच्या आत सुरू व्हायचं होतं, आणि जॅग्वारला शोभतील असे सस्पेन्शनचे भाग त्या किमतीत बसवणं शक्य नव्हतं. शेवटी २००५ च्या मस्टँगसाठी बहुतांश नवाच प्लॅटफॉर्म करावा लागला. मागे साधा सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकसंध दांडा, राहिला. ती गाडी चांगली होती आणि भरपूर खपली. मात्र जॅग्वार, लिंकन, थंडरबर्ड यांच्या वाट्याला मस्टँगचा खप कधी आला नाही, आणि तो खप नसल्यावर त्या प्लॅटफॉर्मचा खर्च कोण उचलणार? एस-टाइपच्या जागी आलेल्या एक्सएफने त्यातलं थोडं पुढे नेलं. लिंकन एलएस २००६ ला संपली, त्या प्लॅटफॉर्मवर तिच्या मागे दुसरी लिंकन आली नाही.

आता तुमच्या गटाला अडचणीत टाकणारं उदाहरण: जनरल मोटर्सची कॅमरो. इथे थांबून नीट बघ, कारण दोन्ही पक्ष याच गाडीचा दाखला देतील.

पाचव्या पिढीची कॅमरो, २०१० चं मॉडेल, झीटा प्लॅटफॉर्मवर होती. झीटा ऑस्ट्रेलियात जनरल मोटर्सच्याच होल्डन कंपनीने केला, २००६ च्या कमोडोर सेडानसाठी. कमोडोर ही तिथली रोजच्या वापराची मोठी घरगुती गाडी. त्यामुळे कॅमरोला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलू देणारं) फुकटात मिळाल्यासारखं झालं, कारण सेडानला ते होतंच. त्याच वेळची मस्टँग, जी एकटी होती, ती सॉलिड ॲक्सलवरच चालत होती आणि तिला इंडिपेंडंट सस्पेन्शन मिळायला २०१५ चं मॉडेल उजाडलं. म्हणजे भागीदारीने कूपेचं नुकसान होतं हे सरसकट खरं नाही. या बाबतीत तर भागीदारीनेच कूपे सुधारली. पण फुकट काहीच नसतं. मोठ्या सेडानचा सांगाडा घेतला तर वजनही सेडानचंच येतं. व्ही-८ इंजिनाची कॅमरो एसएस सुमारे १,७५० किलोची होती, त्या वेळची मस्टँग जीटी साधारण १,६०० किलोची. दीडशे किलोचा फरक वळणावर टायरना सोसावा लागतो.

म्हणून सहाव्या पिढीत, २०१६ च्या मॉडेलला, कॅमरो अल्फा प्लॅटफॉर्मवर नेली. अल्फा मुळात जनरल मोटर्सच्याच महागड्या कॅडिलॅक ब्रँडच्या एटीएससाठी केलेला, बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजला टक्कर द्यायला. हलका, ताठ, महागड्या मिश्रधातूंचा वापर. कॅमरो एसएस १०० किलोच्या आसपास हलकी झाली आणि चालवायला अप्रतिम झाली, यात वाद नाही. सस्पेन्शनच्या कामात आयुष्य घालवलेली बाई म्हणून सांगते, त्या काळातल्या त्या किमतीच्या गाड्यांत इतकी सुंदर वळणारी गाडी विरळाच. तरी खप बघ. जड, झीटावरच्या कॅमरोने २०१० ते २०१४ दरवर्षी मस्टँगला मागे टाकलं होतं. हलकी, सरस कॅमरो मस्टँगच्या मागे पडली, आणि पुढे त्याहून जुन्या, जड डॉज चॅलेंजरच्याही मागे. सुरुवातीची किंमत वाढली होती, मागची सीट अधिक अडचणीची झाली होती. खिडक्या अरुंद होत्या, बाहेरचं धड दिसत नव्हतं. तो दोष डिझाइनचा, प्लॅटफॉर्मचा नव्हे, आणि गटात मांडताना हा फरक जरूर कर. एकूण बाजारही एसयूव्हीकडे वळला होता. पण एटीएस स्वतः कधी मोठ्या संख्येने खपली नाही, त्यामुळे अल्फाचा भार वाहणारी गाडी त्या घरात कधी आलीच नाही. २०२४ च्या मॉडेलनंतर कॅमरो बंद झाली.

चॅलेंजरचं नाव निघालंच आहे तर क्रायस्लरचा एलएक्स प्लॅटफॉर्मही समजून घे. तो वरवर माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाईल आणि कोणीतरी तो तुझ्यापुढे टाकेलच. २००५ ची क्रायस्लर ३००, डॉज मॅग्नम, मग चार्जर, मग चॅलेंजर. मागचं पाच लिंकचं सस्पेन्शन मर्सिडीज ई-क्लासच्या धर्तीचं, पुढची रचना एस-क्लासच्या, पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मर्सिडीजचाच. मग महागड्या गाडीतून स्वस्त गाडी निघालीच की? नाही. मर्सिडीजचा सांगाडा त्यांनी घेतला नव्हता. सांगाडा क्रायस्लरने स्वतःच्या किमतीला आणि स्वतःच्या लांबी-रुंदीला केला, आणि मर्सिडीजकडे तयार असलेले, पैसे वसूल झालेले भाग निवडून त्याला लावले. ३०० चा व्हीलबेस १२० इंच, चॅलेंजरचा ११६. ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात या गाड्या डिसेंबर २०२३ पर्यंत बनत होत्या. चार्जर पोलिसांना गेली, भाड्याच्या ताफ्यांना गेली, कुटुंबांना गेली. तो खप पाठीशी असल्यामुळेच चॅलेंजरला कोणी हात लावला नाही.

आता थोडं हाताने मोजायचं काम. कॅम्पसच्या पार्किंगमध्ये एक क्रायस्लर ३०० शोध आणि एक टोयोटा कॅमरी. पुढच्या दाराच्या पुढच्या कडेपासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हींवर वितीने मोज. कॅमरीत चाक दाराला जवळजवळ चिकटलेलं असतं, कारण इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या बाजूला. ३०० मध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, गिअरबॉक्स त्याच्या मागे, तिथून शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपर्यंत (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपर्यंत). म्हणून चाक पुढे सरकतं. मग शेजारी २०१९ ची आणि २०२० ची फोर्ड एक्सप्लोरर मिळाली तर त्याही बघ. जुनी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या पायावर होती, नवी सीडी६ प्लॅटफॉर्मवर मूळची रिअर-व्हील ड्राइव्ह झाली. नवीत चाक दारापासून पुढे गेलेलं डोळ्यांनी दिसतं.

हे अंतर ठरलं की फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली पत्र्याची भिंत, ठरते. तिला पॅडल, स्टिअरिंगचा दांडा, एसी-हीटरचा डबा, वायरिंगचा जुडगा आणि धडकेचा मार सोसणारे रेल असे सगळे लटकलेले असतात. ते नंतर बदलायचं म्हणजे नवा प्लॅटफॉर्म करण्याइतकाच खर्च. याउलट मागच्या सीटच्या आसपासची फरशी लांब-आखूड करणं तुलनेने स्वस्त. म्हणूनच फॉक्स काय किंवा एलएक्स काय, लांबी मध्ये बदलली. तुमच्या शिफारशीत कुठले भाग सामायिक हे लिहिताना फक्त "प्लॅटफॉर्म" हा शब्द वापरून सुटू नकोस. पुढचा ॲक्सल ते फायरवॉल, मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरून ठेवणारी चौकट), इलेक्ट्रिकल यंत्रणा, ब्रेक हे एक ठेवा. फायरवॉलची उंची आणि पुढच्या सीटची बैठक मात्र दोन ठेवा, कारण एसयूव्हीत माणूस खुर्चीसारखा उंच बसतो आणि कूपेत पाय पसरून खाली. दोन्हींना एकच उंची दिलीत तर कूपेचं बॉनेट फुगतं आणि तुमच्या दोन मित्रांची भीती खरी ठरते. त्यांच्या भीतीचं मूळ इथे आहे, आणि त्या ठिकाणी ते बरोबर आहेत. तिथे त्यांना मनापासून मान दे.

आणखी एक धडा झीटाचाच, आणि तो इंजिनिअरिंगच्या बाहेरचा. झीटावर अमेरिकेसाठी मोठा बेत होता, शेव्हरोले इम्पालासारखी रोजची गाडीसुद्धा त्यावर यायची होती. २००७ ला इंधन-काटकसरीचे कडक नियम दिसू लागले तसं जनरल मोटर्सचे उपाध्यक्ष बॉब लुट्झ यांनी रिअर-व्हील ड्राइव्हच्या योजना थांबवल्याचं जाहीर सांगितलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा झाला, २०२० पर्यंत सरासरी ३५ मैल प्रति गॅलन. २००८ ला पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं. १ जून २००९ ला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, तिचा पॉन्टियॅक ब्रँड बंद झाला आणि कमोडोरवरून केलेली जी८ त्याच्यासोबत गेली. ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला पोहोचल्यावर तिथून गाड्या आणणं परवडेना. ऑक्टोबर २०१७ ला होल्डनचा एलिझाबेथचा कारखानाच बंद पडला. प्लॅटफॉर्म चांगला होता, कर्ती गाडीही योग्य होती. पण ती गाडी ऑस्ट्रेलियात कमावत होती आणि अमेरिकेत तिच्या जागी कोणीच नव्हतं. जिचा खप बाकीच्यांचा भार उचलणार ती गाडी घरच्याच बाजारात खपायला हवी, हे त्यातून मला पटलं.

मग पुढच्या दशकात अमेरिकेत ती गाडी कोणती? मला शंका नाही: एसयूव्ही. पण तीन रांगांची महागडी नव्हे. तुमच्या प्रश्नातली एसयूव्ही सर्वांत मोठी आणि जड आहे, आणि तिच्या मापाने सांगाडा केला तर कूपेला पुन्हा झीटाचं दुखणं लागेल. शिफारशीत चौथी गाडी सुचव: दोन रांगांची, मध्यम आकाराची, मध्यम किमतीची. प्राध्यापकांनी तीन दिल्या म्हणून चौथी सुचवायला बंदी नाही.

विजेवरच्या गाड्यांच्या बाबतीत फार गुंतू नकोस, एवढंच पुरे. मोटर मागच्या चाकांपाशी बसवता येते, लांब शाफ्ट लागत नाही, त्यासाठीचा फरशीतला मधला बोगदा जातो. त्यामुळे रिअर-व्हील ड्राइव्ह पुन्हा स्वाभाविक झालंय. अमेरिकन कंपनीचा सर्वांत यशस्वी सामायिक रिअर-व्हील ड्राइव्ह प्लॅटफॉर्म आज टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायचा आहे: आधी सेडान, मग तिच्यावरून दोन रांगांची उंच गाडी. आणि लक्षात घे, मॉडेल ३ ही महागड्या मॉडेल एसवरून छाटून काढलेली नव्हती, ती नव्याने आखली. दुसऱ्या टोकाला स्टेलँटिसचा, म्हणजे आता क्रायस्लर आणि डॉज ज्या कंपनीकडे आहेत तिचा, एसटीएलए लार्ज प्लॅटफॉर्म आहे. त्यावर विजेवरची डॉज चार्जर डेटोना, जीप वॅगोनियर एस आणि पेट्रोलचं सहा सिलिंडरचं इंजिन असलेली चार्जरही. सगळं एकाच सांगाड्यात सामावून घेताना डेटोना स्कॅट पॅकचं वजन सुमारे २,६५० किलो झालं. बॅटरी आणि इंजिन दोन्हींना जागा ठेवायची तर किती किलो आणि किती डॉलर जातात याचा स्वतंत्र तक्ता तुमच्या अहवालात हवाच.

आता तुला लागलेल्या बोलण्याबद्दल. २००५ च्या मस्टँगचे मुख्य इंजिनिअर हाऊ थाय-टँग. जन्म सायगॉनचा, १९७५ ला युद्धातून कुटुंबासह अमेरिकेत आलेले. क्रायस्लर ३०० ला तो रुबाबदार चेहरा देणारे राल्फ गिल्स, हैतीहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, माँट्रियलमध्ये वाढलेला. ज्या गाड्यांवरून तुम्ही भांडताय त्यातल्या दोन अशा लोकांनी घडवल्या. तुझ्या अधिकाराचा प्रश्न मला तरी इथेच मिटलेला दिसतो.

मात्र मित्राला ही नावं तोंडावर फेकून गप्प करू नकोस. त्याच्याजवळ काहीतरी आहे, ते माग. लहानपणी वडिलांच्या गाडीत मागे बसून इंजिनाचा आवाज ऐकलेला माणूस ग्राहकाबद्दल जे सांगू शकतो ते तुला कुठल्या तक्त्यात मिळणार नाही. त्याला विचार की कूपेतली कुठली गोष्ट गेली तर तो ती गाडी विकत घेणार नाही. बॉनेटची उंची? वजन? आवाज? किंमत? उत्तर लिहून घे आणि ते शिफारशीत "कूपेसाठी न बदलणाऱ्या गोष्टी" म्हणून घाल, त्याच्या नावासकट. पैशाची बाजू मांडणाऱ्या दोघांनाही असाच एक प्रश्न टाक: वर्षाला किती गाड्या खपल्या तर हा प्लॅटफॉर्म तग धरेल, आणि त्यातल्या एका गाडीचा ब्रँड बंद पडला तर ती संख्या कुठून भरून काढाल? उत्तर आलं नाही तर त्यांची बाजूही अर्धीच आहे.

नोकरीच्या मुलाखतीत हा प्रकल्प निघेलच. तिथे निष्कर्षापेक्षा तू फायरवॉलची उंची दोन का ठेवलीस, हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. तेवढ्याची तयारी आतापासून कर, आणि खर्चाचा तक्ता पक्का झाला की मला पाठव. मागच्या सबफ्रेमचा आकडा मला आधी बघायचाय, बहुतेक गट तिथेच खर्च कमी धरतात.

तुझी,
ताई